रागीट माणसाला बंदूक मिळत नाही

रागीट माणसाला या देशात बंदूक मिळत नाही. नियम चांगला आहे. माझा त्याने सत्यानाश केला, तरी चांगलाच आहे. वाईट होती ती माणसं, आणि त्यांच्याबद्दल मी आज लिहिणार आहे. ती दोघंही वर गेली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग बोलायचं कुणाबद्दल? जिवंत माणसांबद्दल बोललं की सूनबाई खोलीचं दार लावून घेते.

मी सातवी नापास. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील त्याने वाचू नये. मुलगा म्हणाला, "बाबा, लिहीत जा, मन हलकं होईल." मन काय कापूस आहे हलकं व्हायला? माझी बायको सुमन गेली तेव्हापासून या घरात सगळे माझ्याशी तापात पडलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलतात. शेजारीण दिसली की वाकते, मी वाकतो, ती पुन्हा वाकते, आमचा दोघांचा जन्म त्यातच जायचा. परवा मी कचऱ्याची पिशवी चुकीच्या दिवशी खाली ठेवली, तर तिने ती उचलून आमच्या दाराशी आणून ठेवली. वर चिठ्ठी चिकटवलेली, आणि चिठ्ठीवर हसरं मांजर. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कुठल्या वारी कुठला कचरा हे सगळं सुमनच्या डोक्यात होतं. एवढी वर्षं या जपानात काढून मला ते कधी शिकावं लागलं नाही, आणि आता शिकायची इच्छा नाही. लिहितोय ते नातीसाठी, ईरासाठी. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. म्हणूनच मोकळेपणाने लिहितोय.

माझ्या वडिलांच्या तेराव्याला मामा कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात सूट घालून आला. म्हणाला, "ताई, याला माझ्याकडे दे. जपानला नेतो, माणूस करतो." आईने दिला. तिला वाटलं, भाऊ आहे. मला वाटलं, विमान आहे. दोघंही फसलो. विमानतळावर उतरल्या उतरल्या मामाने माझा पासपोर्ट स्वतःच्या खिशात टाकला, "हरवशील" म्हणाला, आणि त्सुकुबात पोचल्यावर त्याच संध्याकाळी माझ्या हातात कांद्याचं पोतं दिलं. त्सुकुबा म्हणजे संशोधनासाठी नव्याने वसवलेलं शहर, तेव्हा अर्धवट बांधलेलं होतं. रुंद रस्ते, पाइनची झाडं, मधूनमधून पांढऱ्या इमारती, आणि त्यांत आमच्याकडचे शिकलेले लोक येऊन राहिलेले. ते वरणभातासाठी जीव टाकायचे. त्यांच्या जिवावर मामाची खाणावळ चालायची. खाली खाणावळ, वर मामा-मामीच्या दोन खोल्या, आणि जिन्याखाली तांदळाच्या गोण्यांशेजारी मी.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. धूर ओढणारा पंखा सकाळी जो घरघरायला लागायचा तो शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत, त्यामुळे सगळेच ओरडून बोलायचे, आणि पंखा बंद झाला तरी मामी ओरडूनच बोलायची. वरून तिच्या चपला ऐकू यायच्या. चप्‌ चप्‌ झालं की समजायचं, आता जिन्यावर उभी राहून काहीतरी बोलणार. "दत्त्या, खातोस बैलासारखा आणि कांदा चिरतोस नवरीसारखा!" जपानी गिऱ्हाइकांना तिखट चालायचं नाही, म्हणून मामा रश्शात सफरचंद किसून घालायचा आणि आमच्याकडे राजेलोक असंच खातात म्हणून सांगायचा. कुठला राजा? उरलेला तो गोड रस्सा आणि कुकरच्या तळाचा भात, हे माझं जेवण. वर मामी स्वतःसाठी तांदळाच्या पिठाची भाकरी टाकायची, पिठलं करायची, लसणाची चटणी खलबत्त्यात कुटायची. तो वास जिन्यावरून खाली यायचा, चटणी कधी आली नाही. मी भांडी आपटायचो. राग आला की हातातलं असेल ते ओट्यावर आपटायचं, ही माझी पहिल्यापासूनची रीत. मामी वरून विचारायची, "काय फुटलं?" मी म्हणायचो, "अजून काही नाही."

या सगळ्यात एकच माणूस माझ्याकडे माणूस म्हणून बघायचा, ओकुदा-सान. आमचे टेबलावरचे कपडे धुवायला न्यायचे, त्यांची लाँड्री होती. दुपारी गर्दी ओसरली की यायचे आणि अंडाकरी खायचे. बोलणं मोजकं. एकदा मी भरलेली कढई एका हाताने धरून दुसऱ्या हाताने वाढत होतो आणि मामाशी भांडतही होतो. ओकुदा-सान चमचा खाली ठेवून म्हणाले, "दत्ता-कुन, तू एवढा चिडलायस आणि रस्सा हलत नाहीये." मला वाटलं थट्टा करतायत. ते म्हणाले, "सोमवारी खाणावळ बंद असते ना? माझ्याबरोबर चल."

डोंगराच्या पायथ्याशी एक लांबट शेड होती. आत दहा-बारा माणसं एका रांगेत उभी, डावा हात खिशात, उजव्या हातात पिस्तूल, समोर एक कागद. कागदाच्या मधोमध दहा गुणांचा ठिपका, टिकलीएवढा. कुणी बोलत नव्हतं. फट् असा आवाज व्हायचा, टाळी वाजवल्यासारखा, आणि मग शांत. नवशिक्यांसाठी प्रकाशाचं पिस्तूल होतं, त्यातून छर्रा सुटत नाही, नुसता उजेड जातो आणि समोर आकडा दिसतो. त्याला परवाना लागत नाही. ते माझ्या हातात दिलं. मी काय केलं, किती गुण पडले, काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सबंध सकाळ कुणी माझं नाव घेऊन ओरडलं नाही. घरी आलो तर मामा दारातच. "सोमवार काय तुझ्या बापाचा आहे? मसाले कोण कांडणार?" मी म्हणालो, "बाप मेला म्हणूनच तुमच्याकडे आलोय." त्याने थोबाडीत दिली. पुढच्या सोमवारी पहाटे उठून मसाले कांडले आणि गेलो. त्याच्या पुढच्याही.

तसं मी बराच काळ केलं. उजेडाच्या पिस्तुलावर मला दर्जा मिळाला, ओकुदा-सान म्हणाले आता खरं घेऊ या. खरं म्हणजे गोळीचं नाही. गोळीचं पिस्तूल या देशात साध्या माणसाला मिळतच नाही, ते विसरायचं. मिळालं तर हवेचं, कागदाला भोक पाडणारं, आणि तेही देशभरात ठरावीक माणसांनाच. एकाने सोडलं की एकाला जागा होते. आमच्या शेडमधले एक म्हातारे गृहस्थ वारले, त्यांची जागा झाली, आणि नेमबाजांच्या संघटनेत ओकुदा-साननी माझ्यासाठी शब्द टाकला. इथला कायदा उलटा चालतो. आधी हत्यार निवडायचं, दुकानदाराने ते बाजूला ठेवायचं, आणि मग त्याच एका हत्यारासाठी पोलिसांकडे अर्ज करायचा. परवाना येईपर्यंत दुकानात जाऊन नुसतं बघायचं.

बंदुकीच्या दुकानात मालकाने हिरव्या कापडावर तीन पिस्तुलं मांडली. माझी ऐपत ओकुदा-साननी त्याला आधीच सांगितली होती, त्यामुळे चकाकणारी कपाटातच राहिली. पहिलं स्प्रिंगचं. सगळ्यांत स्वस्त. पण घोडा ओढल्यावर छर्रा बाहेर पडायच्या आत ते हातात उडी मारतं, बेडूक धरल्यासारखं. खेळायला ठीक, नेम धरायला नाही. दुसरं गॅसचं. दिसायला देखणं, हाताला हलकं, उडी नाही. माझा जीव त्याच्यावर गेला. ओकुदा-सान म्हणाले, "गॅस संपतो. रबर झिजतं. हे विकत एकदा घ्यायचं आणि पोसायचं कायम. तुझ्या मामासारखं आहे." ते विनोद करत नसत, त्यामुळे मला हसायला वेळ लागला. तिसरं दांड्याचं. बाजूचा दांडा उघडून जोर लावून मिटायचा, की आत हवा दाबली जाते. एका छर्ऱ्याला एकदा. जड, जुनं, लाकडी मूठ काळी पडलेली. आत बिघडण्यासारखं फार काही नाही. ते त्या वारलेल्या गृहस्थांचंच होतं, त्यांच्या बायकोने विकायला ठेवलेलं.

"डोळे मीट," ओकुदा-सान म्हणाले. "हात उचल, जिथे आपोआप थांबेल तिथे थांबव. आता उघड. पुढची खूण मागच्या खाचेत आहे का?" गॅसच्या पिस्तुलात खूण डावीकडे पळाली होती. स्प्रिंगच्यात खाली. दांड्याच्यात बरोबर मधोमध. पुन्हा डोळे मिटले, पुन्हा मधोमध. त्या मेलेल्या माणसाचा तळवा माझ्याएवढाच असणार. "ज्याला मनगट वाकडं करून नेम धरावा लागतो ते फुकट मिळालं तरी महाग," ओकुदा-सान म्हणाले. मी दांड्याचं घेतलं. मालकाने त्याच्या मुठीला दोरीने एक कागद बांधला आणि त्यावर माझं नाव लिहिलं. या देशात माझ्या नावाची तोवर एकही वस्तू नव्हती. पासपोर्टसुद्धा मामाच्या कपाटात. मी त्यानंतर कितीदा त्या दुकानात गेलो असेन आणि नुसता तो कागद वाचून आलो असेन.

आता कुलकर्णी साहेब. संशोधक होते, मोठं डोकं, रोज संध्याकाळी डबा न्यायचे. ते स्वतः आले नाहीत की सुमन यायची. ती त्यांच्या दूरच्या नात्यातली, त्यांचं बाळ सांभाळायला पुण्याहून आणलेली. तीही माझ्यासारखीच, शाळा अर्धी आणि तोंड पुरं. मी डब्यात भाजी कमी घातली की म्हणायची, "ओ दत्ता, डब्याला भोक आहे का?" एका संध्याकाळी कुलकर्णी साहेबांनी माझ्या अर्जाचं ऐकलं आणि पोट धरून हसले. "अरे येडा आहेस का तू! पोलीस, चौकशी, एवढं सगळं हवेच्या पिस्तुलासाठी? पुण्यात दुकानात जाऊन घेता येतं, लायसन लागत नाही. आमचे सासरे येतायत पुढच्या महिन्यात. आणायला सांगू का? लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवतील." मामी गल्ल्यावर बसलेली होती. मामी म्हणाली, "बघ! आणि हा इथे लोकांच्या पाया पडतोय."

मी दुसऱ्या दिवशी ओकुदा-सानना विचारलं. त्यांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली, कापड करपायला लागलं. "विमानतळावरून सरळ तुरुंग," ते म्हणाले. "तू, तो, त्याचा सासरा आणि लोणचं." मी त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं, नको. ते म्हणाले, "घाबरट आहेस." मी म्हणालो, "आहे." विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

इथला पोलीस परवान्याआधी माणसाची चौकशी करतो. तुम्ही कागदावर काय लिहिलंय त्याच्याशी त्याला फार देणंघेणं नसतं. तो घरच्यांना विचारतो, शेजाऱ्यांना विचारतो, जिथे काम करता तिथे विचारतो. हा पितो का? भांडतो का? कर्ज आहे का? झोप लागते का? रागीट आहे का? माझं घर, काम आणि शेजार सगळं एकाच जिन्याच्या वर-खाली, त्यामुळे त्याला एकच फेरी पडली. दुपारी दोन जेवणांच्या मधल्या वेळात आला. कोवळा होता, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. मी पलीकडे कांद्याची परात घेऊन बसलो, कारण मामा म्हणाला होता, काम करताना दिस.

मामा गोड बोलला. "चांगला पोरगा आहे. कष्टाळू आहे. पण..." हा 'पण' मामाने असा ओढला की पोलिसाने पेन वर धरून ठेवलं. "थोडा तापट आहे. काळजी वाटते हो आम्हाला." काळजी कसली, सोमवारची! परवाना मिळाला असता तर मी सोमवारी कुणाच्या बापाचं ऐकलं नसतं, आणि ते त्याला माहीत होतं. मी कांदा चिरत राहिलो. रस्सा हलू दिला नाही.

मग मामी मसाल्याचा चहा आणि शंकरपाळे घेऊन आली. तिचं जपानी बाजारातलं, भाव करण्यापुरतं, पण ती ते दणदणीत बोलायची. पोलिसापुढे कप ठेवून म्हणाली, "एवढं काय विचारता याला? आमच्या देशात पिस्तूल दुकानात मिळतं. कागद नाही, पोलीस नाही. कुलकर्णी साहेबांचे सासरे आणणारच आहेत याच्यासाठी, लोणच्याबरोबर. ठरलंय सगळं."

पोलिसाचं पेन थांबलं. तो कोवळा चेहरा बघता बघता म्हातारा झाला. त्याने हळूच विचारलं, "कोण आणणार आहे? कधी?" आणि मामी नाव सांगायला लागली.

मी परात आपटली. कांदा खोलीभर उडाला, चहा कलंडला, पोलिसाच्या बुटांवर गेला. "खोटं बोलते ही! मी नको म्हणून सांगितलंय!" हे मी मराठीत ओरडलो, कारण रागात दुसरी भाषा सुचत नाही. पोलिसाला मराठी कळत नव्हतं. परात कळली.

दारात सुमन उभी होती, कडेवर बाळ, हातात रिकामा डबा. कधी आली कुणाला कळलं नव्हतं. पोलिसाने तिच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही याला ओळखता? हा असा नेहमी रागावतो का?" सुमनला जपानी येत नव्हतं. बाळाला घेऊन बागेत जायची तेव्हा तिथल्या आया आपल्या पोरांना जे बोलायच्या तेवढे शब्द तिच्या कानावर पडलेले. ती म्हणाली, "ओकोरू." रागावतो. मामा मान डोलवायला लागला. सुमन म्हणाली, "नागेनाय." फेकत नाही. मग तिने जमिनीकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "फुकू." पुसतो. सगळ्यांनी खाली पाहिलं. मी फडकं घेऊन गुडघ्यांवर बसलो होतो आणि पोलिसाच्या बुटांभोवतीचा चहा पुसत होतो. मला स्वतःला पत्ता नव्हता. मी आयुष्यभर तसंच करत आलो होतो, आपटायचं आणि पुसायचं, आणि तोवर कुणीही, माझ्या आईनेसुद्धा, त्यातला फक्त आपटण्याचा आवाज ऐकला होता. पोलिसाने काहीतरी लिहिलं. तिचे शब्द लिहिले की माझी परात, ते मला खालून दिसलं नाही.

इथले पोलीस नाही म्हणत नाहीत. ओकुदा-सानना निरोप आला, की या वेळी अर्ज मागे घेतलात तर सर्वांच्या सोयीचं होईल. मी जाऊन मागे घेतला. बंदुकीच्या दुकानदाराने मुठीचा कागद सोडवला, फेकून न देता घडी घालून मला दिला आणि वाकला. मी वाकलो नाही. कुलकर्ण्यांच्या सासऱ्यांना विमानतळावर बाजूला घेऊन त्यांची ट्रंक तळापासून उपसली. पिस्तूल कुठलं असणार, लोणचं निघालं. सासरे बिचारे आजारी पडले, कुलकर्णी साहेबांनी डबा बंद केला, मामाचं एक बऱ्यापैकी गिऱ्हाईक तुटलं, आणि हे सगळं कुणामुळे? माझ्यामुळे! मामी जिन्यावर उभी राहून म्हणाली, "घरात साप पाळला." मी म्हणालो, "साप असतो तर दूध तरी मिळालं असतं."

त्या आठवड्यात मी निघालो. मामा पासपोर्ट देईना. ओकुदा-सान लाँड्रीचा एप्रन घालून आले, ऐन जेवणाच्या वेळी खाणावळीच्या दारात उभे राहिले आणि कमरेत वाकले. वाकलेलेच राहिले. काही मागितलं नाही, बोलले नाहीत. आत येणारी गिऱ्हाइकं थबकायची, बघायची आणि परत जायची. मामाने शेवटी पासपोर्ट आणून त्यांच्या हातावर आपटला. या देशातलं वाकणं मला कधी आवडलं असेल तर ते तेवढं एकदाच.

पुढे मी लाँड्रीत इस्त्री केली, सुमनशी लग्न केलं, दोघं सेंदाईला गेलो, विद्यापीठाच्या जेवणघरात मी आयुष्यभर भात शिजवला. पिस्तुलाला पुन्हा हात लावला नाही. आणि लग्न झाल्यापासून आमचं एकच भांडण चाललं, की मामीने ते मुद्दाम केलं की नाही. मी म्हणायचो, मुद्दाम. सुमन म्हणायची, "नाही हो. तिला वाटलं, आमच्याकडे यात काही विशेष नाही असं सांगितलं की पोलीस तुम्हाला सोडून देईल. तिला तुमची वकिली करायची होती. मूर्ख होती ती. मूर्ख माणसाचा राग धरू नये, फार दिवस पुरतो." मामी गेली तेव्हा सुमन एकटी जाऊन आली. मी घरी कांदा चिरत बसलो. म्हातारपणी मुलाकडे त्सुकुबात राहायला आलो, जिथे खाणावळ होती तिथे आता कोंबिनी, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं दुकान झालंय, दिवसरात्र उजेड. तिथून जाताना मी रस्त्यात म्हणायचो, "मुद्दाम केलं." सुमन म्हणायची, "चला, दूध घ्यायचंय."

गेल्या हिवाळ्यात हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसलो होतो. काही बोलायला सुचेना म्हणून मी तोच विषय काढला. म्हणालो, "काही म्हण, तिने मुद्दामच केलं." सुमनने डोळे न उघडता म्हटलं, "बरं. मुद्दाम. झालं समाधान?" तिने माझं म्हणणं मान्य केलं तेव्हाच मला कळलं, की ही आता राहत नाही.

हे सगळं आज का लिहितोय ते सांगतो. ईरा विद्यापीठात जाते, तिथे ती पिस्तूल चालवते. माझ्यावरून नाही, तिला यातलं काही माहीत नव्हतं, ते तिचं तिने शोधलं. उजेडाच्या पिस्तुलावर दर्जा मिळवला, शिफारस मिळवली, आणि वसंतात मला म्हणाली, "जीजी, दुकानात येतोस?" जपानीत आजोबाला तसं म्हणतात. दुकान दुसरं, हिरवं कापड तेच. आता दाबलेल्या हवेच्या नळीची पिस्तुलं निघालीयत, सुरेख, आणि त्यांच्या किमती ऐकून मी खाली बसलो. तिची कमाई कोंबिनीतल्या अर्धवेळ कामाची. एक जुनं दांड्याचं होतं. तिचं लक्षही नव्हतं तिकडे. मी म्हणालो, "डोळे मीट. हात उचल." तिने तेच निवडलं. दुकानदाराने मुठीला तिच्या नावाचा कागद बांधला. मी तो वाचला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग पोलिसांच्या नियमातलं लोखंडी कपाट आलं. बंदूक घरात ठेवायची तर भिंतीला ठोकलेलं कुलूपबंद कपाट लागतं. मुलाने ते कुठे ठोकावं? माझ्या खोलीत, सुमनचं साड्यांचं कपाट होतं तिथे. "बाबा, ती भिंत पक्की आहे, दुसरीकडे ठोकता येत नाही." साड्या खोक्यांत गेल्या. तीन दिवस मी कुणाशी बोललो नाही, ताटं मात्र आपटली.

आणि गेल्या आठवड्यात पोलीस आली. बाई होती, तरुण, टोपी गुडघ्यावर. कपाट हलवून पाहिलं, सुनेला विचारलं, मुलाला विचारलं, मग माझ्यासमोर बसली. ईरा कोपऱ्यात गुडघे मुडपून बसलेली, रंग उडालेला. बाई नम्रपणे म्हणाली, "आजोबा, आजी गेल्याचं ऐकून वाईट वाटलं. तुम्हाला झोप लागते का? क्षमा करा, पण शेजाऱ्यांचं म्हणणं आहे, की या घरातून हल्ली आपटल्याचे आवाज येतात."

हसऱ्या मांजराची ती शेजारीण! तोंडावर वाकायचं आणि पोलिसाला सांगायचं. इथे दार लावून घेणारी सून, साड्या खोक्यात भरणारा मुलगा, आणि ही समोर बसून माझ्या बायकोचं मरण फायलीत घालणारी. माझ्या हातात चहाचा कप होता. आपटला. चहा टेबलावरून तिच्या कागदांकडे धावला. "बाबा!" मुलगा ओरडला. ईराने नुसतं माझ्याकडे पाहिलं. दुकानदार पिस्तुलाच्या मुठीचा कागद सोडवत होता तेव्हा मी त्याच्याकडे असाच पाहत असणार.

मी उठलो. सुमनच्या जुन्या साडीचं फडकं ओट्यापाशी असतं, ते घेतलं. गुडघे वाकत नाहीत आता, टेबलाचा कोपरा धरून खाली बसलो आणि आधी तिच्या पायांशी सांडलेलं पुसलं, मग टेबल. पुसता पुसता म्हणालो, "घरात रागीट मी आहे. पोरगी नाही. आणि माझं विचाराल तर, ओकोरू. नागेनाय. फुकू."

बाईने फाईल उचलून धरली होती, ती खाली ठेवली. म्हणाली, "कृपा करून पुन्हा एकदा सांगा, सावकाश. लिहून घेते."

मी फडकं पिळलं आणि पुन्हा सांगितलं, एकेक शब्द, जसे सुमनने सांगितले होते तसे. या वेळी मी टेबलाच्या उंचीवर होतो. तिने लिहिलेले तिन्ही शब्द मला दिसले.